नाथान कुठे गेला? (प्रेषित, संदेष्टे आणि नबी यांच्याविषयी)

दौत-टाक

गेले चार महिने एक उद्योग चालू आहे. डावीकडे मराठी बायबल, उजवीकडे कुराणाचा मराठी अनुवाद, मध्ये वही. दोन्हीकडे येणाऱ्या माणसांच्या गोष्टी शेजारी शेजारी उतरवायच्या. नोहा-नूह, अब्राहाम-इब्राहीम, मोशे-मूसा, योना-यूनुस. आधी वाटलं होतं, नावांचे उच्चार सोडले तर फारसं काही वेगळं निघणार नाही. दावीदपाशी येऊन अडकलो.

बायबलातली गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल (२ शमुवेल, अध्याय ११ आणि १२). दावीद राजा संध्याकाळी गच्चीवरून बथशेबेला अंघोळ करताना बघतो, बोलावून घेतो, तिला दिवस जातात. नवरा उरीया लढाईवर. दावीद त्याला अशा जागी उभं करायला लावतो की तो परत येऊ नये. तो येत नाहीच. मग नाथान नावाचा संदेष्टा राजाकडे येतो आणि एक हकीकत सांगतो. गरीब माणसाकडे एकच मेंढी, विकत घेऊन वाढवलेली, त्याच्या घासातला घास खाणारी, त्याच्याच पेल्यातून पिणारी, कुशीत झोपणारी. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला. त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची मेंढी कापली. दावीद भडकतो, म्हणतो असा माणूस मेलाच पाहिजे. नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

आता कुराण, सूरह (अध्याय) ३८. दाऊद प्रार्थनेच्या दालनात आहे आणि दोन माणसं भिंत चढून आत येतात. तो दचकतो. ते म्हणतात, भिऊ नका, आमचा तंटा आहे. एकाकडे ९९ मेंढ्या, दुसऱ्याकडे एक. ९९वाला म्हणतो तीही दे, आणि बोलण्यात या गरिबाला हरवतो. दाऊद निवाडा देतो आणि देता देताच त्याच्या लक्षात येतं की ही आपलीच परीक्षा होती. तो क्षमा मागतो, झुकतो, क्षमा मिळते. बथशेबा नाही, उरीया नाही.

आणि नाथान नाही! मेंढी जागेवर आहे, निवाडा आहे, पश्चात्ताप आहे. ‘तूच तो’ म्हणणारा तेवढा गायब.

माझा अंदाज असा. बायबलात राजा एक आणि संदेष्टा दुसरा, आणि राजाला चार शब्द सुनावणं हेच संदेष्ट्याचं काम. कुराणात दाऊद स्वतःच नबी (म्हणजे संदेष्टा) आहे, त्याला ज़बूर हा ग्रंथ मिळालेला आहे. मग त्याला सुनावणारा दुसरा नबी आणायचा कुठून? म्हणजे नावं तीच राहिली, पण हुद्दा बदलला आणि हुद्द्याबरोबर गोष्ट बदलली. जाणकारांनी चूक काढावी.

पाणकावळा

वा. चार महिने वाचून पहिला प्रश्न ‘एक माणूस कमी आहे’. हजेरी घेणाऱ्या मास्तरांचा धागा.

खोडरबर

चूक काढायला बोलावलंत, आलो.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू या. शीर्षकात तुम्ही ‘प्रेषित’ आणि ‘संदेष्टे’ एकाच पंगतीत बसवलेत. वर्तमानपत्री मराठीत ‘प्रेषित’ म्हणजे मुहम्मद पैगंबर. मराठी ख्रिस्ती माणसाला विचारा, त्याच्या लेखी प्रेषित म्हणजे पेत्र, योहान, पौल. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे नव्या करारातल्या पुस्तकाचं नाव आहे. यशया, यिर्मया, आमोस हे त्याच्यासाठी ‘संदेष्टे’. म्हणजे एकाच मराठी शब्दावर दोन घरांचा ताबा.

पैगंबर हा फारसी शब्द, पैगाम पोचवणारा. अरबी ‘नबी’ आणि हिब्रू ‘नवी’ ही सख्खी भावंडं. अरबीत त्याच धातूपासून ‘नबा’ म्हणजे बातमी. हिब्रू शब्दाचं नातं बरेच अभ्यासक अक्कादी भाषेतल्या ‘हाक मारणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात, म्हणजे ज्याला हाक आली तो. आणि त्याही आधी त्याला नुसतं ‘द्रष्टा’ म्हणत असं बायबलच सांगतं (१ शमुवेल ९). तो प्रसंग मला फार आवडतो. शौल बापाच्या हरवलेल्या गाढवी शोधत हिंडतोय. नोकर म्हणतो, इथे एक देवमाणूस आहे, विचारू या. शौल म्हणतो, रिकाम्या हाताने कसं जायचं? नोकर म्हणतो, माझ्याकडे पाव शेकेल चांदी आहे. एवढ्या मोठ्या परंपरेची सुरुवात हरवलेल्या गाढवांच्या चौकशीपासून.

जैतुनाची फांदी

‘प्रेषित’चा घोळ फक्त मराठीत नाही. अरबी बोलणारे ख्रिस्तीही पेत्र-पौलांना ‘रुसुल’च म्हणतात, रसूलचं (पाठवलेला दूत) अनेकवचन. तोच शब्द मुसलमान मूसा, ईसा (येशू) आणि मुहम्मद यांच्यासाठी वापरतात. शेजारी शेजारी राहून शेकडो वर्षं हे चाललं आहे.

आता दौत-टाक यांच्या अंदाजाला एक टाचणी. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २. पेत्र यरुशलेमेत भाषण करताना दावीदला सरळ ‘संदेष्टा’ म्हणतो. म्हणजे आमच्याकडेही तो नुसता राजा नाही. फरक असा की आम्ही जुन्या संदेष्ट्यांना बहुतेक वेळा पुढे बोट दाखवणारे म्हणून वाचतो. दावीदची स्तोत्रं असोत की यशयाचा ५३वा अध्याय, आमचं बोट येशूकडे जातं. यशया त्याच्या काळातल्या राजाला काय बजावत होता हे मागे पडतं. मला स्वतःला हे नुकसान वाटतं, पण ते असो.

खोडरबर

टाचणी कसली, खिळाच मारतो. तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या मगिल्ला प्रकरणात इस्राएलचे ४८ संदेष्टे आणि ७ संदेष्ट्या असा आकडा आहे. नावं तिथे सगळी दिलेली नाहीत. ११व्या शतकातला भाष्यकार रशी यादी देतो, आणि त्या यादीत नाथान तर आहेच, त्याच्या जोडीला दावीद आणि शलमोनही आहेत. तेव्हा ‘ज्यूंकडे राजा वेगळा, संदेष्टा वेगळा’ हे एवढं साफ नाही.

शिवाय कुराणातही राजा आणि नबी वेगळे असल्याचा प्रसंग आहे. सूरह २ मध्ये इस्राएली लोक ‘त्यांच्या नबी’कडे राजा मागतात आणि तालूतची, म्हणजे शौलाची, नेमणूक होते. नबीचं नाव दिलेलं नाही, पण तो शमुवेलच हे उघड आहे.

दौत-टाक

झालं, माझा सिद्धांत लंगडा झाला. पण पाय पूर्ण गेला नाही असं वाटतं. यादीत नाव असणं वेगळं आणि गोष्टीत काम काय करतो ते वेगळं. रशीच्या यादीत दावीद असला तरी कथेत नाथान आत येतोच. अहाब राजासमोर एलीया उभा राहतोच. यहोयाकीम राजाचा प्रसंग बघा (यिर्मया ३६). हिवाळा आहे, राजापुढे शेगडी पेटलेली. यिर्मयाने सांगितलेली आणि बरूखाने लिहिलेली गुंडाळी वाचली जातेय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या सुरीने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत करत सगळी गुंडाळी जाळतो. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेऊन सगळं पुन्हा लिहवून घेतो, वर आणखी भर घालतो. मला संदेष्टा म्हटलं की हा माणूस डोळ्यांसमोर येतो. याच्या जागी कुराणातला सुलैमान (शलमोन राजा) बसवता येईल का?

रेहल

सुलैमान बसणार नाही, मान्य. पण तुम्ही माणूस चुकीच्या दालनात शोधताय.

आधी थोडं घरातलं सांगते. कुराणात नावाने आलेले नबी साधारण २५ धरतात. एकूण १,२४,००० अशी रिवायत (परंपरेने आलेलं कथन) प्रसिद्ध आहे, तिच्या सनदीवर (ती कुणाकडून कुणाकडे आली त्या साखळीवर) आलिमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, मतभेद आहेत. कुराण एवढंच म्हणतं की काहींच्या हकीकती तुला सांगितल्या, काहींच्या नाही. रसूल आणि नबी यांत सर्वसाधारण फरक असा करतात की प्रत्येक रसूल नबी असतो, प्रत्येक नबी रसूल नसतो. आणि सगळ्यांत जास्त वेळा नाव कुणाचं? मूसा, १३६ वेळा. इब्राहीम ६९, ईसा २५. ‘मुहम्मद’ हे नाव फक्त ४ वेळा, आणि एकदा ‘अहमद’. ज्यांना वाटतं कुराण म्हणजे पैगंबरांचं (स., हा आदराचा सलाम) चरित्र, त्यांनी हे आकडे बघावेत.

आता मुद्दा. आमच्याकडे ‘इस्मत’ची कल्पना आहे, नबी मोठ्या पापांपासून सुरक्षित असतात. म्हणून बायबलातल्या बऱ्याच गोष्टी कुराणात वेगळ्या दिसतात. सोन्याचं वासरू बायबलातल्या निर्गम या पुस्तकात अहरोन स्वतः घडवतो. कुराणात ते काम सामिरी नावाचा माणूस करतो, हारून लोकांना अडवत असतो. शलमोन म्हातारपणी परक्या देवांच्या मागे लागला असं राजांचं पुस्तक म्हणतं. कुराण बजावून सांगतं की सुलैमानने कुफ्र (देवाला नाकारणं) केला नाही. बथशेबेची गोष्ट जुन्या काही तफसीरकारांनी (कुराणाच्या भाष्यकारांनी) दाऊदच्या आयतींखाली (वचनांखाली) दिली होती, पण इब्न कसीरसारख्यांनी ती ‘इस्राईलियात’ (यहुदी-ख्रिस्ती स्रोतांतून आलेल्या कथा) म्हणून बाजूला काढली.

पण ‘नबीला कोण सुनावणार’ याचं उत्तर कुराणात आहे. सूरह ८० उघडा. पहिला शब्द ‘अबस’, कपाळाला आठी घातली. मक्केतल्या बड्या लोकांशी पैगंबर (स.) बोलत होते. तेवढ्यात एक आंधळा माणूस काही विचारायला आला, मध्येच बोलला. त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवलं. यावर आयती उतरल्या. जो बेपर्वा आहे त्याच्याकडे तू लक्ष देतोस, आणि जो धावत, मनात भय धरून आला त्याच्याकडे दुर्लक्ष करतोस? कदापि नाही! (शिया परंपरेत ती आठी दुसऱ्याच कुणाची होती असं बरेच मानतात, सुन्नी तफसीर मी सांगितला तसा.) बघा, सुनावणी झालीच. फक्त मध्ये नाथान नाही. आणि ती ज्यांना सुनावली त्यांच्याच तोंडून लोकांपर्यंत पोचली. आजही नमाजमध्ये वाचली जाते.

दौत-टाक

हे वाचून दहा मिनिटं काही लिहिता आलं नाही. मी राजा-संदेष्टा हीच जोडी शोधत बसलो होतो.

वाचनमात्र

पहिलाच प्रतिसाद, चूकभूल द्यावी. रेहल, इस्मत असेल तर आठी कशी? आणि प्रेषित म्हणजे अवतारासारखं का?

रेहल

अवतार अजिबात नाही. नबी माणूसच. खातो, बाजारात फिरतो, मरतो. मक्केतले लोक नेमकी हीच तक्रार करायचे, हा कसला रसूल जो जेवतो आणि बाजारात हिंडतो (सूरह २५). आठीबद्दल म्हणाल तर ते पाप नव्हे, अधिक चांगलं सोडून कमी चांगलं निवडणं, असं उलेमा सांगतात. समोरच्या आंधळ्याला आठी दिसलीही नसणार, तरी टोकलं गेलं.

उंटावरचा शहाणा

तुम्ही सगळे यादीतल्या माणसांबद्दल बोलताय. माझा प्रश्न यादीबाहेरचा. समोर उभा आहे तो खरा की खोटा, हे त्या वेळी कळायचं कसं?

यिर्मयाच्या २८व्या अध्यायात दोघे समोरासमोर आहेत. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरतोय, बाबेलचं जू मुकाट्याने वाहा म्हणतोय. हनन्या भर मंदिरात ते जू काढून मोडतो आणि म्हणतो, दोन वर्षांत बाबेलचं जू असंच मोडेल. गंमत म्हणजे मूळ हिब्रूत हनन्यालाही ‘नवी’च म्हटलंय, यिर्मयाला लावलेलाच शब्द. ग्रीक भाषांतरकारांना ते सोसलं नाही, त्यांनी तिथे ‘खोटा संदेष्टा’ करून टाकलं. ऐकणाऱ्याला मात्र दोन सारखेच दिसणारे लोक दिसत होते, आणि एकाची बातमी जास्त गोड होती.

यांच्याहून हजारेक वर्षं आधी फरात (युफ्रेटिस) नदीकाठच्या मारी नगरीत यावर कार्यालयीन तोडगा होता. कुणाला देवाचा निरोप आला की अधिकारी राजाला पत्र लिहीत आणि सोबत त्या माणसाच्या केसांची बट आणि वस्त्राची किनार पाठवत, म्हणजे शकुन बघून पडताळा करता येईल. मातीच्या पाट्यांवरची ती पत्रं सापडली आहेत.

पाणकावळा

केवायसी.

जैतुनाची फांदी

:)

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना हाच त्रास होता. तेव्हा गावोगाव फिरणारे संदेष्टे असायचे. ‘दिदाखे’ या फार जुन्या नियमपुस्तिकेत त्यावर उपाय दिलाय. आलेला माणूस एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसरा दिवस राहिला तर खोटा. निघताना भाकरीखेरीज काही घेऊ नये, पैसे मागितले तर खोटा. आत्म्याने संचारून ‘पानं मांडा’ म्हणाला आणि स्वतःच जेवायला बसला तर खोटा. यावरून त्यांना काय काय अनुभव आले असतील ते कळतं.

खोडरबर

बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात कसोटी सोपी दिलीय, बोललेलं घडलं नाही तर तो खोटा (१८:२२). पण मग योनाचं काय? निनवेत जाऊन म्हणाला, चाळीस दिवसांत शहर उलथून पडेल. पडलं नाही. म्हणजे नापास?

जैतुनाची फांदी

म्हणूनच तर तो चिडून शहराबाहेर जाऊन बसला. लोक सुधारले, देवाने शिक्षा मागे घेतली, आणि योना म्हणतो, मला ठाऊकच होतं तू दयाळू आहेस, म्हणून तर मी आधी पळालो! मासा लोकांना आठवतो, हा रुसवा कुणाला आठवत नाही. यहुदी लोक हे पुस्तक योम किप्पूरच्या दुपारी वाचतात, पश्चात्तापाच्या दिवशी.

रेहल

कुराणातही यूनुसची कौम (त्याचे लोक) अपवाद म्हणूनच आलीय. संकट दिसू लागल्यावर ईमान आणलं आणि ते कामी आलं, अशी ही एकच वस्ती (सूरह १०). आणि पैगंबरांना (स.) सांगितलंय की माशावाल्यासारखा होऊ नकोस. पुन्हा सुनावणी. मोसूलमध्ये जुन्या निनवेच्या टेकडीवर नबी यूनुसची मशीद होती. जुलै २०१४ मध्ये आयसिसने ती स्फोटकांनी उडवली. पुढे त्या टेकडीखाली असिरियन राजा एसरहद्दोनचा महाल आढळला.

सांजसावली

बायकांबद्दल कुणीच बोलत नाहीये, मगिल्लातल्या सातांचा ओझरता उल्लेख सोडला तर. त्या सात म्हणजे सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा, एस्तेर. यातली हुल्दा बघा. योशीया राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचं पुस्तक सापडतं. राजा कपडे फाडतो आणि माणसं पाठवतो, ती हुल्दाकडे जातात, वस्त्रागार सांभाळणाऱ्याच्या बायकोकडे. यिर्मया तेव्हा हयात होता. तालमूदमध्ये प्रश्न येतोच की यिर्मया असताना हिच्याकडे का? एक उत्तर असं, की बायका दयाळू असतात, म्हणजे बरं काही तरी सांगेल. तिने बरं काही सांगितलं नाही. शहराचा नाश अटळ आहे म्हणाली.

इस्लाममध्ये बाई नबी नाही असं ऐकलंय, खरं का?

रेहल

बहुसंख्य आलिमांचं मत तसंच. पण ११व्या शतकातले कुर्तुब्याचे (स्पेनमधल्या कॉर्डोबाचे) इब्न हज्म म्हणतात की मरियम (येशूची आई), मूसाची आई, सारा यांच्याकडे फरिश्त्याकरवी किंवा इल्हामाने (दैवी स्फूर्तीने) निरोप आला, म्हणून त्या नबी. रसूल नव्हेत, पण नबी. आणि कुराणात नावाने आलेली एकमेव स्त्री मरियम आहे.

उंटावरचा शहाणा

आणि संदेष्ट्यांचं दार बंद कधी झालं? यहुदी परंपरेत हग्गय, जखऱ्या, मलाखी यांच्यानंतर. शोमरोनी (समॅरिटन) लोकांचं तर मोशेपाशीच संपतं, ते यशया-यिर्मया मानतच नाहीत. मंदाई पंथीय याह्याला, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला, मानतात आणि मूसा, ईसा, मुहम्मद तिघांनाही नाही. इस्लाममध्ये सूरह ३३ ची ४०वी आयत, ‘खातमुन्नबिय्यीन’, नबींची मोहर. पण मोहरेनंतरही बहाई पंथाचे बहाउल्लाह झाले, अहमदिया पंथ झाला...

संपादक

अहमदियांचा विषय आला की आधीचे दोन धागे बंद करावे लागले होते. माहितीपुरतं लिहायला हरकत नाही. कोण मुसलमान, कोण नाही याचा निवाडा इथे होणार नाही.

खोडरबर

माहितीपुरतंच. मतभेद ‘मोहर’ म्हणजे काय यावर आहे. बहुतेक सगळे मुसलमान मोहर म्हणजे शेवट घेतात, पाकीट बंद. अहमदियांची मुख्य शाखा मोहर म्हणजे प्रमाण असं वाचते, म्हणजे नवी शरीयत न आणणारा, अनुयायी नबी शक्य. १९७४ मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून त्यांना बिगरमुस्लिम ठरवलं. एका शब्दाचा अर्थ घटनेपर्यंत गेल्याची उदाहरणं थोडी.

वाचनमात्र

पण ईसा पुन्हा येणार असं मुसलमानही मानतात ना? मग शेवटचा कोण?

रेहल

नेहमीचं उत्तर असं, की ईसांना नबुव्वत (नबीपण) आधीच मिळालेली होती. ते येतील ते नवा निरोप घेऊन नाही.

दौत-टाक

वहीत ‘नाथान’च्या समोरचा रकाना रिकामा होता. तिथे आता सूरह ८० लिहिलंय. रकान्यांचं माप चुकलंय खरं, एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला आयती, पण खोडणार नाही. रेहल, त्या आंधळ्याचं नाव काय? पुढे त्याचं काय झालं?

रेहल

इब्न उम्म मक्तूम. पुढे मदीनेत बिलालबरोबर तेही अजान द्यायचे. रमजानात बिलाल रात्र असतानाच अजान देत, म्हणून लोकांना सांगितलेलं होतं की इब्न उम्म मक्तूमची अजान होईपर्यंत खा-प्या. त्यांना दिसत नव्हतं ना, ‘उजाडलं, उजाडलं’ असं कुणी येऊन सांगेपर्यंत ते अजान देत नसत.